इतर कुत्र्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला मोकळं कुठे सोडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुत्रा पाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या कुत्र्याने आधी कुणाला जोरात चावा घेतला असेल, तर प्रश्न १३ आधी वाचा.

१. दुसरा कुत्रा दिसला की आमचा कुत्रा सगळा परिसर डोक्यावर घेतो. हा घाबरट कसा? हा तर रागीट वाटतो.

पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला पळून जायची वाट नसते. मग तो दुसरा उपाय करतो, भुंकून आणि झेपावून समोरच्याला लांब घालवतो. समोरचा कुत्रा बहुतेक वेळा तसाही आपल्या वाटेने निघून जाणार असतो, पण आपल्या कुत्र्याला वाटतं की उपाय लागू पडला. पुढच्या वेळी तो आणखी लवकर भुंकतो.

म्हणून भुंकण्याच्या आधीचे क्षण बघा. ओठ चाटणं, अवेळी जांभई, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एक पाय उचलून थिजणं, शेपूट पोटाखाली, उकडत नसताना धाप, आणि एरवी जीव टाकतो त्या खाऊकडे पाठ. ही शेवटची खूण सर्वांत कामाची, कारण ती नवख्यालाही कळते. पाठीवरचे केस उभे राहिले तर मात्र एवढंच समजायचं की तो उत्तेजित झालाय. त्यावरून राग की भीती, हे ठरत नाही.

काही कुत्री भेटायला मिळत नाही म्हणूनही चिडून भुंकतात. ती सुटली की खेळायला धावतात, तर घाबरणारा सुटला की लांब पळतो किंवा तुमच्या पायांमागे दडतो. पण हा फरक तपासण्यासाठी त्याला सोडून बघू नका.

२. त्याला मोकळं सोडायलाच हवं का? पट्ट्यावर फिरवून भागत नाही?

भागतं, पण सगळं नाही. पट्ट्यावर तो आपल्या चालीने चालतो, आणि आपली चाल कुत्र्याच्या सहज दुडक्या चालीपेक्षा हळू असते. वास कुठे घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, कुठे वळायचं, हे आपणच ठरवतो. घाबरणाऱ्या कुत्र्याच्या आयुष्यात स्वतः ठरवायच्या गोष्टी आधीच कमी असतात. मोकळ्या जागेत त्या त्याला परत मिळतात.

पण रोज सोडलंच पाहिजे, हा हट्ट नको. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास निर्धास्तपणे हुंदडणं आणि बाकीचे दिवस शांत रस्त्यावर पट्ट्याने फेरी, एवढ्यावर बरीच कुत्री खुश असतात. रोज सोडायचं आणि त्यातल्या एका दिवशी कुणीतरी अंगावर यायचं, हे फार महागात पडतं. एका मोठ्या धक्क्यानंतर शरीर पूर्ववत व्हायला कित्येक तास, कधी दिवससुद्धा जातात. तेवढ्यात दुसरा छोटा धक्का बसला तर तोही मोठाच ठरतो.

३. सगळे सांगतात, डॉग पार्कमध्ये घेऊन जा, चार कुत्री भेटली की आपोआप भीती जाईल. खरं आहे का?

नाही. हे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलण्यासारखं आहे. एखादा शिकतोही, पण बाकीच्यांना जन्मभर पाण्याची धास्ती बसते. डॉग पार्कमध्ये अनोळखी कुत्री थेट समोरून धावत येतात आणि कुंपणामुळे लांब जायची सोयही नसते. त्यातून तिथे गेलेला कुत्रा एका कोपऱ्यात गप्प बसला की लोक म्हणतात, बघा, शांत झाला. तो शांत झालेला नसतो, थिजलेला असतो.

तीच जागा कुणी नसताना मिळत असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी प्रश्न ५ आणि ८ बघा.

४. मग सुरक्षित जागा शोधायची तरी कुठे?

चांगलं कुंपण आणि ठरलेल्या वेळेत दुसरा कुत्रा येणार नाही याची खात्री, या दोन गोष्टी लागतात. पैकी खात्री जास्त महत्त्वाची, आणि लोक नेमका तिचाच विचार शेवटी करतात.

काही ठिकाणी कुत्र्यांसाठी तासाच्या हिशेबाने कुंपणबंद मैदान भाड्याने मिळतं. एका वेळी एकाच कुटुंबाला आत सोडतात. अशी सोय तुमच्या जवळपास असेल तर पहिली पसंती तिलाच द्या. नसेल तर आपल्या ओळखीत शोधा: नातेवाइकांचं तारेचं कुंपण घातलेलं शेत, मित्राच्या बंगल्याचं आवार, बोर्डिंग किंवा ट्रेनिंगवाल्यांचं अंगण त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, घोडेस्वारीचं बंदिस्त रिंगण, जाळी असलेलं टेनिस किंवा बास्केटबॉलचं कोर्ट. नकाशाच्या ॲपमध्ये उपग्रहाचं चित्र लावून आपला परिसर बघितला, तर रोज ज्यावरून जातो पण कधी लक्ष गेलं नाही, अशी आवारं दिसतात.

परवानगी मागताना गोलमाल नको. कुठला वार, किती ते किती, कुत्रा किती मोठा, घाण आम्हीच उचलू, काही मोडलं तर भरून देऊ, हे आधीच सांगा. "कधीतरी येऊ का?" याला लोक नाही म्हणतात. "दर बुधवारी सकाळी अर्धा तास" याला हो म्हणणं सोपं जातं.

टाळायच्या जागाही सांगतो. वळणावळणाच्या जंगलवाटा, जिथे दहा पावलांवर काय आहे ते दिसत नाही. रहदारीच्या रस्त्याला लागून असलेली मोकळी मैदानं. आणि जिथे गुरं-मेंढ्या चरतात किंवा जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, त्या जागा. तिथे धोका आपल्या कुत्र्याला नसून त्याच्यापासून इतरांना असतो.

५. जागा सापडली. सोडण्याआधी नेमकं काय तपासू?

पहिल्यांदा कुत्र्याशिवाय जा, आणि ज्या वारी, ज्या वेळी सोडणार त्याच वेळी. अर्धा तास नुसतं उभं राहा. कोण येतं-जातं, कुंपणापलीकडे कुणाचा कुत्रा बांधलेला आहे का, मैदानात ताजी विष्ठा किंवा पंजांचे ठसे दिसतात का, बघा. कुंपणाच्या खालच्या तारेला केस अडकलेले असतील तर तिथून एखादा प्राणी ये-जा करतो, हे नक्की.

मग कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारा. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांसाठी साधारण १.८ मीटर उंची चांगली समजतात. उड्या मारणाऱ्यांना तीही कमी पडते. खालची फट, फाटकाखालची माती, गंजलेली कडी हे उंचीइतकंच महत्त्वाचं, कारण घाबरलेला कुत्रा वरून कमी आणि खालून जास्त निसटतो. एकामागे एक अशी दोन फाटकं असतील तर उत्तमच. एकच असेल तर ते बंद करून स्वतः ओढून बघेपर्यंत पट्टा काढू नका. आत उघडी विहीर, काचा, उंदरांसाठी ठेवलेलं विष, गुडघ्यापर्यंत गवत यांपैकी काही आहे का?

भाड्याच्या मैदानात आणखी एक विचारा: दोन बुकिंगमध्ये किती वेळ मोकळा ठेवतात? पंधरा मिनिटं तरी हवीत. नाहीतर सगळं छान होऊन नेमकं फाटकात दुसऱ्या कुत्र्याशी नाकाला नाक लागतं. तेवढा वेळ ठेवत नसतील तर तुम्हीच दहा मिनिटं आधी निघा.

पहिल्या भेटीत कुत्र्याला लांब दोरीवरच ठेवून सगळी कड हुंगू द्या. दोरी दुसऱ्या भेटीत सुटली तरी चालते.

६. कुंपणाची जागाच मिळत नाही. मोकळ्या माळावर लांब दोरी चालेल का? कोणती घ्यावी?

चालेल, आणि माझ्या मते बऱ्याच कुत्र्यांसाठी तेच कायमचं उत्तर आहे. मोकळेपणाचा बहुतांश आनंद ८ ते १० मीटरच्या दोरीत मिळतो. १५ मीटरची सवय नसलेल्याला झेपत नाही.

दोरी हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीला लावा, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. दहा मीटर धावत गेलेला कुत्रा दोरीच्या टोकाला पोचला की सगळा झटका मानेवर बसतो. तोंडावर बसणाऱ्या हेड कॉलरला लावणं तर त्याहून वाईट. हार्नेस पुढून इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा असावा, म्हणजे खांदे मोकळे राहतात. घाबरून मागे सरकत निसटणाऱ्यांसाठी पोटाला दुसरा पट्टा असलेला हार्नेस मिळतो, तो घ्या.

दोरी हाताला गुंडाळू नका. बोटं मोडतात. सैल घड्या तळहातावर ठेवा आणि हातमोजे घाला. वरून प्लास्टिकचा थर असलेली पट्टी चिखलात भिजत नाही आणि पुसता येते. साधी कापडी दोरी ओली झाली की जड होते, पण स्वस्त असते.

डबीतून सुटणारा, आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा या कामाचा नाही. तो सतत ताणलेला असतो, म्हणजे कुत्रा ओढायला शिकतो. शिवाय डबी हातातून पडली की खडखडत कुत्र्याच्या मागे घसरत येते, आणि आधीच भित्रा असलेला कुत्रा तिच्यापासून जीव घेऊन पळतो.

७. घरात हाक मारली की धावत येतो, बाहेर ढुंकूनही बघत नाही. याला कधी सोडता येईल?

कुंपणात आजही सोडता येईल. उघड्यावर, इतक्यात नाही.

जुनी हाक आता बिघडली आहे असं समजा आणि नवा शब्द किंवा शिट्टी घ्या. सुरुवात घरात: शिट्टी वाजली की लगेच त्याला सर्वांत आवडणारा खाऊ, आणि तो खाऊ एरवी कधीच नाही. मग अंगण, मग शांत रस्ता, मग लांब दोरीवर माळ. एक पायरी दहापैकी नऊ वेळा जमली की पुढची. आला की खाऊ द्या आणि बहुतेक वेळा परत सोडा. हाक म्हणजे खेळ संपला, हे एकदा त्याच्या लक्षात आलं की तो येणं लांबवतो. आंघोळीसाठी या शब्दाने बोलावू नका. तो येणार नाही असं दिसत असेल तेव्हा हाक मारूच नका, जवळ जाऊन आणा.

आणि एक कडू गोष्ट. घाबरून पळत सुटलेल्या कुत्र्याच्या कानावर कितीही शिकवलेली हाक पडत नाही. म्हणून नुसत्या हाकेच्या भरवशावर अशा कुत्र्याला उघड्यावर सोडू नये.

८. कोणती वेळ चांगली?

सगळे सांगतात पहाट. गंमत अशी की घाबरणाऱ्या कुत्र्यांचे बाकीचे मालकही पहाटेच येतात, आणि त्यातले काही आपलं कुत्रं मोकळं सोडतात. रिमझिम पावसात किंवा लोकांच्या जेवणाच्या वेळी जागा जास्त रिकाम्या असतात. दुपारी जायचं तर आधी हाताची मागची बाजू जमिनीवर काही सेकंद टेकवून बघा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात पळवूच नका. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि त्यांना तेच नीट जमत नाही.

९. एवढी धडपड करून रिकामं मैदान मिळवलं आणि आमची कुत्री फाटकापाशीच उभी राहते. खेळतच नाही!

मैदान रिकामं आहे हे तुम्हाला माहीत आहे, तिला नाही. तिच्या नाकाला आदल्या दिवशी येऊन गेलेली सगळी कुत्री तिथे आहेत. चेंडू फेकून उत्साह आणायला जाऊ नका. फाटकाजवळच गवतात खाऊचे बारीक तुकडे विखरून द्या आणि गप्प उभे राहा. खाली मान घालून हुंगणं हा कुत्र्यांचा स्वतःला शांत करण्याचा मार्ग आहे. पुढच्या वेळी खाऊ दोन पावलं आत टाका. त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा गेल्याने फरक पडतो. दर वेळी नवी जागा दाखवली तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते.

१०. लांबवर कुत्रा दिसला, अजून आमच्याकडे आलेला नाही. काय करू?

आपला कुत्रा अजून खाऊ खातोय का? खात असेल तर अंतर पुरेसं आहे. त्या कुत्र्याकडे त्याने बघितलं की एक तुकडा, पुन्हा बघितलं की पुन्हा तुकडा. दुसरा कुत्रा दिसेनासा झाला की खाऊही बंद. अशाने कुत्रा दिसणं ही चांगली बातमी ठरते. खात नसेल, टक लावून थिजला असेल, तर शिकवायची वेळ निघून गेली आहे. वळा आणि अंतर वाढवा. "चल, वळ" अशी एक ठरावीक खूण घरी खेळातच शिकवून ठेवली असेल तर हे ओढाताण न करता जमतं.

११. आणि मोकाट कुत्रा थेट अंगावर आला तर?

पळू नका. आपल्या कुत्र्याला मागे घेऊन मध्ये तुम्ही उभे राहा, हात पुढे, आवाज खणखणीत: "थांब! जा!" येणाऱ्याच्या तोंडासमोर मूठभर खाऊ फेका. बरीच कुत्री खायला थांबतात, आणि तेवढ्यात तुम्हाला मागे सरकत निघता येतं. बटण दाबून उघडणारी छत्री चांगली आडोसा होते, पण आपला कुत्रा तिला घाबरणार नाही याची घरी सवय करून घ्या.

लहान कुत्र्याला उचलावं का? जवळ गाडी किंवा फाटक असेल तर उचलून आत ठेवा. काहीच नसेल तर उचलल्यावर समोरचा कुत्रा तुमच्या अंगावर उड्या मारणार, हे धरून चाला. तरी फार मोठा कुत्रा आणि फार लहान आपला, तर मी उचलण्याच्याच बाजूने आहे.

जुंपलीच तर तोंडाजवळ हात घालू नका. पाणी ओता, जाकीट टाका, मोठा आवाज करा. नंतर आपल्या कुत्र्याला त्याच दिवशी व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. दाताचं भोक बाहेरून बारीक दिसतं, पण आतली कातडी आणि स्नायू फाटलेले असू शकतात. रेबीजच्या बूस्टरचंही तेव्हाच विचारा. तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय उरत नाही.

१२. "आमचा काही करत नाही हो!" म्हणत लोक कुत्रा सोडून देतात. त्यांना काय सांगू?

"आमचा घाबरतो" म्हटलं की लोक म्हणतात, होईल सवय. "आमच्याला त्वचेचा संसर्गजन्य आजार आहे" म्हटलं की तत्काळ पट्टा लावतात. खोटं बोलायचं नसेल तर लांबूनच ओरडा, "कृपया बोलावून घ्या, आमचा चावेल!" यात आपली थोडी बदनामी होते, ती सोसावी. पट्ट्याला पिवळी रिबन म्हणजे "या कुत्र्याला अंतर हवं" ही खूण बऱ्याच देशांत वापरतात. पण ती सगळ्यांना ठाऊक नसते, म्हणून नुसत्या रिबनवर विसंबू नका.

१३. तो आधी एका कुत्र्याला चावला आहे. मझल (चावू नये म्हणून तोंडाला घालतात ते) घालून सोडला तर?

बंदिस्त, रिकाम्या जागेत मझलची गरज नाही. उघड्यावर मझल घातला तरी सोडू नका. मझलमुळे चावा टळतो, पण भीती आणि धडक टळत नाही, आणि समोरच्याने हल्ला केला तर आपल्या कुत्र्याला बचाव करता येत नाही. लांब दोरी आणि मझल ही जोडी मात्र योग्य.

मझल टोपलीसारखा हवा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी घालून व्यायाम अजिबात नको. धाप टाकता आली नाही तर उष्माघात होतो. सवय हळूहळू करा, आधी मझलमध्ये खाऊ ठेवून.

१४. सुटून पळाला तर? कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली आहे.

चिपमध्ये फक्त १५ अंकी क्रमांक असतो. तिला बॅटरी नसते, आणि काही सेंटिमीटरवरून रीडर फिरवल्याशिवाय ती वाचता येत नाही. ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, सापडलेला कुत्रा कुणाचा ते सांगते, तेही नोंदणीत तुमचा आजचा फोन नंबर असेल तरच. ठिकाण कळायला जीपीएसचा वेगळा पट्टा लागतो, आणि त्यालाही चार्जिंग व मोबाइलचं नेटवर्क हवं.

पळालेल्याच्या मागे धावू नका. बाजूला तोंड करून खाली बसा, खाऊ टाका, हळू बोला. दिसेनासा झाला तर जिथे सुटला तिथे तुमचा वापरलेला शर्ट ठेवा आणि एका माणसाला तिथेच थांबवा. बरीच कुत्री त्याच जागी परत येतात.

१५. घरात दोन कुत्री आहेत. एक भित्रा, दुसरा सगळ्यांशी मस्त. दोघांना एकत्र सोडू?

कुंपणात जरूर सोडा. धीट जोडीदार हुंदडताना पाहून भित्राही मोकळा होतो. उघड्यावर मात्र धीटाला दोरीवर ठेवा, कारण तोच दुसऱ्यांची कुत्री खेळायला घेऊन येतो. आठवड्यातून एकदा तरी भित्र्याला एकट्यालाच न्या. नाहीतर तो जोडीदाराशिवाय पाऊल टाकेनासा होतो.

१६. त्याला एखादा मित्र करून देता येईल का?

सगळ्यांना मित्र लागतातच असं नाही. करायचाच असेल तर शांत, प्रौढ, दुसऱ्याच्या अंगावर न जाणारा एकच कुत्रा निवडा. मोठं अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेला चालवा, समोरासमोर नाही. अंतर कित्येक फेऱ्यांत हळूहळू कमी करा. मग कुंपणात, दोऱ्या जमिनीवर सैल सोडून. खेळायला लागले की मात्र दोऱ्या काढा, पायांत अडकतात.

१७. सहा वर्षं काही नव्हतं, आता अचानक कुत्र्यांना घाबरायला लागला.

मैदान शोधण्याआधी व्हेटकडे जा. सांधेदुखी, दातदुखी, कानाचा संसर्ग, कमी झालेली नजर, यांपैकी काहीही असलं की कुत्र्याला दुसऱ्याचा धक्का नकोसा होतो. अशा वेळी पळवणं, विशेषतः चेंडूमागे गर्रकन वळायला लावणं, दुखणं वाढवतं.

१८. शॉक कॉलर लावला तर लांबूनही ताब्यात राहतो म्हणे?

दुसरा कुत्रा दिसला आणि झटका बसला, तर कुत्रा त्या दोन गोष्टी जोडतो. म्हणजे भीतीला आता कारणही मिळालं. अमेरिकेतल्या पशुवर्तन तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात बक्षिसावर आधारलेलं प्रशिक्षणच वापरावं असं म्हटलं आहे. वेल्समध्ये या कॉलरवर २०१० पासून बंदी आहे.

१९. औषधाने फरक पडतो का?

तीव्र भीतीत पडतो, आणि ते द्यायला संकोच नको. फ्लुओक्सेटिनसारखं रोजचं औषध लागू पडायला साधारण ४ ते ६ आठवडे घेतं. नुसती गुंगी आणणारी औषधं मात्र शरीर ढिलं करतात, भीती आत तशीच राहते. औषध आणि मात्रा व्हेटच ठरवेल, घरातल्या माणसांच्या गोळ्या नकोत.

२०. पिल्लू आहे, लसी पूर्ण नाहीत, पण आत्ताच घाबरतं. भाड्याच्या मैदानात नेऊ?

नाही. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि तिथे कोण येऊन गेलं ते कळत नाही. पण ३ ते १४ आठवड्यांचं वय वाया घालवायचं नाही. कडेवर घेऊन लांबून कुत्री दाखवा, आणि लस झालेल्या शांत ओळखीच्या कुत्र्याच्या घरी न्या.

२१. आमची कुत्री माजावर आहे. मैदान रिकामं आणि कुंपणबंद आहे, मग सोडायला हरकत काय?

वास लांब जातो, आणि एरवी त्या वाटेला न येणारे नर कुंपणाशी जमतात. घाबरणाऱ्या कुत्रीसाठी याहून वाईट प्रसंग नाही, आणि १.८ मीटरचं कुंपण अशा वेळी ते ओलांडतातही. माज साधारण तीन आठवडे, कधी चार आठवडे चालतो. तोवर घरातच खाऊ लपवून शोधायला लावा, आणि पट्ट्यावर छोट्या फेऱ्या मारा. भाड्याच्या मैदानाचं बुकिंग असेल तर मालकाला सांगून पुढे ढकला. तिच्या मागून येणाऱ्या नरांचं चित्त तिथे थाऱ्यावर राहणार नाही.